एसएसडीवर जाताना क्लोन करू नका? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर) हलवणाऱ्यांना सावध करणारा एक मजकूर गेली काही वर्षं एका गटातून दुसऱ्या गटात फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. विंडोज क्लोन करू नका (म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवू नका), क्लोनबरोबर जुना संथपणाही येतो. क्लोनमुळे पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) मांडणी चुकते, ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी सोय) बंद पडतं आणि एसएसडी लवकर मरते. विंडोजचं लायसन्स जातं. एसएसडी वाचवायची तर पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) जुन्या डिस्कवर ठेवा. घ्यायची तर एनव्हीएमईच (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) घ्या, साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी वापरणाऱ्या) एसएसडीत काही अर्थ नाही. आणि नवं विंडोज चालू झालं की जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करून टाका.

यातलं काही एके काळी खरं होतं, काही कधीच खरं नव्हतं आणि शेवटचा सल्ला तर थेट डेटा घालवणारा आहे. असा मजकूर वाचून लोक सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसतात. ज्या जुन्या प्रोग्रामची इन्स्टॉल फाइल आता कुठेच मिळत नाही त्यापाशी अडतात, किंवा एसएसडीचा बेतच सोडून देतात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

"क्लोनबरोबर जुना संथपणाही येतो"

आधी संथपणा कुठून येतो ते बघा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा हेडखाली (तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या भागाखाली) येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट पाहणं. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एक छोटा तुकडा वाचायला असे बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून वाचाव्या लागतात. साधी साटा एसएसडी तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर देते. क्लोनमधून फाइली येतात. हेडचं फिरणं आणि तबकडीची वाट पाहणं जुन्या डिस्कबरोबरच मागे राहतं. फाइली विखुरलेल्या असल्या तरी एसएसडीला त्याने फारसा फरक पडत नाही.

या मुद्द्यात सत्याचा अंश आहे तोही सांगतो. स्टार्टअपला वीस प्रोग्राम आपोआप उघडत असतील, तर ते क्लोननंतरही उघडतील. मशीनमध्ये व्हायरस असेल तर तोही सोबत येईल. सिस्टिम फाइली बिघडलेल्या असतील किंवा ३२ बिट विंडोजवरून ६४ बिटवर जायचं असेल, तर नव्याने इन्स्टॉल करणंच बरोबर. पण हे सगळं विंडोजच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. धडधाकट चालणारं विंडोज केवळ डिस्क बदलतो आहोत म्हणून पुसून टाकायचं काही कारण नाही.

मग "क्लोन केलं पण वेग काही वाढला नाही" अशी तक्रार इतकी का ऐकू येते? माझ्या मते बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं: मशीन अजून जुन्याच डिस्कवरून चालू असतं. क्लोन पूर्ण होतो, दोन्ही डिस्क जोडलेल्याच राहतात, रीस्टार्ट केल्यावर बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) पूर्वीच्याच क्रमाने जुनी डिस्क उचलतं. कधी बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) नव्या डिस्कवरचा आणि विंडोज जुन्या डिस्कवरचं अशी सरमिसळही होते. डेस्कटॉप तोच, वॉलपेपर तोच, त्यामुळे कळणार तरी कसं?

ते असं कळतं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते आणि डावीकडे तिची क्षमता. ज्या पार्टिशनच्या चौकटीत 'हेल्दी'पुढे कंसात 'बूट' आणि 'पेज फाइल' लिहिलेलं आहे, चालू विंडोज तिथलं. ती चौकट १ टीबीच्या जुन्या डिस्कच्या पट्टीत असेल, तर नवी एसएसडी नुसती बसून आहे. म्हणून क्लोन झाल्यावर मशीन पूर्ण बंद करायचं, जुन्या डिस्कची केबल काढायची आणि पहिलं बूट फक्त एसएसडीवर करायचं. जुनी डिस्क पुन्हा जोडल्यावर ती ऑफलाइन दिसली तर घाबरू नका. दोन्ही डिस्कचा ओळख-क्रमांक एकच असला की विंडोज त्यातली एक मुद्दाम बाजूला ठेवतं. मात्र तिला ऑनलाइन केलंत तर विंडोज तिला नवा क्रमांक देतं आणि मग त्या डिस्कवरून बूट होणं बिघडू शकतं. जुनी डिस्क राखीव म्हणून ठेवायची असेल, तर तिला हात न लावलेलाच बरा.

"मांडणी चुकते, ट्रिम बंद पडतं, एसएसडी मरते"

मांडणीची भीती विंडोज एक्सपीच्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती रास्त होती. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइट्सचा तुकडा) सुरू करायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट्स, आणि या आकड्याला ४,०९६ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे ४ केबीचं एक लिखाण एसएसडीच्या दोन पानांवर (एसएसडी ज्या ठरावीक तुकड्यांत लिहिते त्यांवर) सांडायचं. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीवर, म्हणजे १०,४८,५७६ बाइट्सवर सुरू होतं; त्याला ४,०९६ने बरोबर २५६ वेळा भाग जातो. विंडोज ७ किंवा पुढचं काही नव्या डिस्कवर टाकलेलं असेल, तर क्लोनमध्येही मांडणी बरोबरच राहते. शंका असेल तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये स्टोरेजखाली डिस्क्स उघडा, 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट'चा आकडा घ्या आणि ४,०९६ने भागून पाहा. बाकी शून्य आली की विषय संपला.

ट्रिम ही सोय विंडोजची आहे, ती २००९च्या विंडोज ७पासून आहे आणि डिस्क एसएसडी आहे हे ओळखून ती काम करते. क्लोननंतर 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'च्या खिडकीत डिस्कच्या नावापुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं आहे ना, एवढं पाहून घ्या. तिथे चुकून 'हार्ड डिस्क' दिसलं, तर विंडोजमधली विनसॅट चाचणी एकदा चालवली की बहुधा ओळख दुरुस्त होते.

आता आयुष्याचा हिशोब. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या साधारण १८० ते ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. २०० जीबीचा क्लोन म्हणजे ०.२ टीबी, कमीतली कमी हमी धरली तरी तिचा नऊशेवा हिस्सा. शिवाय नव्याने इन्स्टॉल केलं तरी विंडोज, प्रोग्राम, अपडेट आणि तुमचे फोटो-कागदपत्रं त्याच एसएसडीवर लिहावीच लागणार. मग वाचवलं काय?

मजकुरात नसलेले धोके

क्लोनमध्ये खरोखर अडकायला होतं अशा जागा आहेत, पण त्या फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण वाचणारा भलत्याच गोष्टीला भितो आणि खऱ्या खड्ड्यात पाय टाकतो.

पहिली गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. कित्येक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. क्लोन करण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहा, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि मगच बिटलॉकर तात्पुरतं थांबवा किंवा काढा. रिकव्हरी की हाताशी नसताना सुरुवात करू नका.

दुसरी, बूटची पद्धत. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या मशीनमध्ये डिस्कवर सी ड्राइव्ह एकटा नसतो. १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन असतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये न दिसणारं १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन असतं, शिवाय रिकव्हरीचं असतं. फक्त सी क्लोन केला तर बूट लोडर मागेच राहतो आणि मशीन उठत नाही. पूर्ण डिस्क क्लोन करा. जुनी डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) पद्धतीची असेल तर क्लोनही एमबीआरच होतो, आणि फक्त यूईएफआय जाणणारं नवं मशीन त्यावरून बूट करत नाही. विंडोज १०च्या २०१७मधल्या आवृत्तीपासून एमबीआर टू जीपीटी नावाचं साधन आलेलं आहे, ते डेटा न पुसता हे रूपांतर करतं. तरी बॅकअप घेऊनच करा.

तिसरी, साटावरून एनव्हीएमईवर उडी. विंडोज ८.१पासून एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, पण जुनं विंडोज आजवर साटावरून उठत आलेलं असल्याने सुरुवातीलाच तो लोड करेल याची खात्री नसते. मग निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. उपाय सोपा आहे: नवी ड्राइव्ह आधी मशीनमध्ये बसवून जुन्या विंडोजला ती ओळखू द्या, आणि तरीही अडलं तर एकदा सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीत) बूट करा. सेफ मोडमधून एकदा उठलं की पुढच्या वेळी ते बहुधा नेहमीसारखं सुरू होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या डिस्कची तब्येत. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या) यादीत 'रीअलोकेटेड' (बिघडल्यामुळे बदललेल्या) किंवा 'पेंडिंग' (वाचायला अडणाऱ्या) सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल, विशेषतः तो वाढत असेल, तर क्लोनच्या आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढा. मरणाला टेकलेल्या डिस्कला सलग काही तास वाचायला लावणं म्हणजे तिच्याकडून शेवटचं काम करवून घेणं आहे. त्या कामात आधी तुमच्या फाइली निघाल्या पाहिजेत, विंडोजचं नंतर बघता येईल.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: डिस्क जशीच्या तशी उतरवली की फाइलसिस्टिमचा यूयूआयडीही (ओळख-क्रमांकही) तोच येतो. दोन्ही डिस्क जोडून बूट केलंत तर रूट (सिस्टिमची मुख्य डिस्क) म्हणून कोणती माउंट होईल, म्हणजे जोडली जाईल, सांगता येत नाही, आणि बीटीआरएफएस (लिनक्समधली एक फाइलसिस्टिम) असेल तर डेटा खराब होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एक वेळी एकच डिस्क जोडा.

"लायसन्स जातं"

नाही जात. विंडोज १०पासूनचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. विंडोज ८पासून कंपनीने विंडोज घालून विकलेल्या मशीनमध्ये लायसन्सचा क्रमांक (प्रॉडक्ट की) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच साठवलेला असतो. मदरबोर्ड तोच ठेवून नुसती डिस्क बदलली तर अॅक्टिव्हेशन टिकतं.

"पेजफाइल जुन्या डिस्कवर ठेवा"

हा सल्ला ऐकलात तर एसएसडीसाठी मोजलेले पैसे अर्धे वाया. विंडोज ७च्या वेळी, २००९ साली, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी आपल्या नोंदींवरून लिहिलं होतं की पेजफाइलमध्ये एका लिखाणामागे सुमारे ४० वाचनं होतात, आणि ती बहुतेक छोटी असतात. हार्ड डिस्क नेमकी याच कामात सगळ्यात मागे पडते. रॅम कमी असलेल्या मशीनमध्ये तर पेजफाइल एसएसडीवर असणं हाच मोठा लाभ आहे.

"एनव्हीएमई नाही तर काही नाही"

कागदावरचे आकडे खरे आहेत. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० आणि चौथ्या पिढीची ७,००० एमबीपर्यंत जाते. पण हे आकडे मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. विंडोज सुरू होताना छोटे तुकडे वाचले जातात, आणि मध्ये प्रोसेसरचं काम व ड्रायव्हर जागे होण्याचा वेळ असतो. त्यामुळे हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तसा साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बूटच्या वेळेत जाणवत नाही. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला एनव्हीएमई जरूर घ्यावी. एम.२ खाचच (पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायची मदरबोर्डवरची जागाच) नसलेल्या जुन्या लॅपटॉपला मात्र साटा एसएसडी हेच योग्य उत्तर आहे, आणि त्या मालकाला "अर्थ नाही" सांगणं अन्यायाचं आहे. खाच असेल तरी ती साटाची की एनव्हीएमईची हे मशीनच्या माहितीपुस्तिकेत बघून मगच खरेदी करा; दोन्ही ड्राइव्ह दिसायला जवळपास सारख्याच असतात.

"जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करा"

हे मात्र अजिबात करू नका. क्लोनच्या सॉफ्टवेअरने न वाचता आलेले सेक्टर गुपचूप सोडून दिले असतील, तर त्यातली फाइल बिघडली आहे हे ती उघडेपर्यंत कळणार नाही. डी ड्राइव्हवरचं एखादं फोल्डर घ्यायचं राहिलं असेल. मेलची जुनी फाइल भलत्याच जागी असेल. नव्या एसएसडीतच उत्पादनदोष असेल तर तो बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांत दिसतो. जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा आणि महिना-दोन महिने कपाटात ठेवा. वर्षातून एकदाच लागणारी हिशोबाची फाइल किंवा प्रोग्राम मात्र आजच उघडून पाहा. आणि या डिस्कलाच बॅकअप समजून निर्धास्त होऊ नका. ती आधीच झिजलेली आहे, खरा बॅकअप वेगळा हवा.

पुढे कधी ती डिस्क पुसायची झालीच, तर क्विक फॉरमॅट पुरेसं नाही. त्यात फक्त फाइलींची यादी नव्याने लिहिली जाते, मजकूर तिथेच असतो आणि परत काढता येतो. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या संपूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहितं, त्याला वेळ लागतो पण हार्ड डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल तर तेच करा. डिस्कपार्ट (आज्ञा टाइप करून चालवायचं विंडोजचं डिस्कचं साधन) वापरत असाल तर आधी यादीतली क्षमता आणि मॉडेलचं नाव डिस्कवरच्या लेबलशी ताडून घ्या, कारण 'क्लीन' ही आज्ञा "नक्की का?" असं एकदाही विचारत नाही.