पुण्यात चारशे सीसी कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या मोटारसायकलच्या पहिल्या अनुभवांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपली भाषा कठोर आहे, पण आक्षेप नेमके आहेत आणि त्यांना तितकेच नेमके उत्तर द्यावे असे मला वाटते. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगते. पहिली सर्व्हिसिंग होते न होते तोच लिहिलेल्या लेखाला मत म्हणता येत नाही, ते नव्याचे नऊ दिवस असतात, असे आपले म्हणणे आहे. ज्या शहरात दोन सिग्नलांच्या मध्ये काटा चाळीसच्या पुढे जात नाही, तिथे चारशे सीसीची गाडी केवळ मिरवण्यासाठी असते आणि १२५ सीसी सर्वांना पुरते, असेही आपण म्हणता. मी खर्चाबद्दल पुरेसे लिहिले नाही, ही आपली आणखी एक तक्रार आहे. शेवटी आपण लिहिले आहे की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला आपला मुलगा असेच लेख वाचून अशाच गाडीचा हट्ट धरून बसला आहे, आणि त्याची काही जबाबदारी लिहिणाऱ्यावरही येते.

गाडीचे नाव मी मूळ लेखात घेतले नव्हते आणि इथेही घेत नाही. नाव लिहिले की चर्चा दोन कंपन्यांच्या चाहत्यांमधल्या वादाकडे वळते आणि गाडी चालवण्याचा विषय मागे पडतो. एका सिलिंडरची, रेडिएटर असलेली, चारशे सीसीच्या आसपासची मोटारसायकल, एवढी ओळख आपल्या चर्चेला पुरेशी आहे. तिच्याआधी कित्येक वर्षे मी १२५ सीसीची गाडी चालवत होते, आणि माझी सगळी तुलना तिच्याशी आहे.

आपल्या दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळ्या मतभेदाचे मूळ तिथे आहे. मोठे इंजिन वेगासाठीच घेतले जाते, हे आपण गृहीत धरले आहे. कमाल वेग हाच निकष असेल तर पुण्यात अशा गाडीची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नसतो, त्यामुळे आपल्याला जुन्याच रस्त्याने जावे लागते. पण रोजच्या चालवण्यात कमाल वेगापेक्षा टॉर्कचा, म्हणजे इंजिन चाक किती जोराने फिरवू शकते याचा, संबंध कितीतरी जास्त येतो. १२५ सीसीच्या गाड्यांचा टॉर्क साधारणपणे ११ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. रॉयल एन्फील्डच्या ३५० सीसीच्या इंजिनाची शक्ती जेमतेम २० अश्वशक्ती आहे, पण त्याचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांनाच हाती येतो. ट्रायम्फ स्पीड ४०० चा टॉर्क ३७.५ आहे आणि केटीएम ३९० ड्यूकचा ३९. या आकड्यांतला फरक सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही. चढावर, मागे माणूस बसलेला असताना आणि पुढे जड वाहन असताना तो जाणवतो, आणि पुण्याच्या कोणत्याही दिशेने बाहेर पडले की चढ लागतोच.

बोपदेव घाटाचे उदाहरण घेते. कोंढव्याकडून वर चढताना १२५ सीसीच्या गाडीवर डबलसीट असलो, की आधी तिसरा, मग दुसरा आणि वळणावर कधीकधी पहिला गिअर टाकावा लागतो. एकदा गेलेली गती परत मिळवायला फार वेळ लागतो, हे चालवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो गती जाऊच देत नाही. पुढे टेम्पो किंवा एसटी असली तर अंतर ठेवून मागे राहण्याऐवजी तो अगदी जवळ जातो, आणि वळणापलीकडचे दिसत नसतानाही बाहेर डोकावून ओव्हरटेक करण्याचा मोह त्याला होतो. वर्षानुवर्षे मी हे घाटाघाटांत पाहिले आहे आणि त्या वेळी मनावर येणारा ताणही अनुभवला आहे. नव्या गाडीवर हाच चढ मी एसटीच्या मागे मोकळे अंतर ठेवून चढते, कारण समोरचा रस्ता दिसू लागल्यावर मनगट थोडेसे फिरवले तरी काम होईल याची खात्री असते. दिवे घाटात, पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर असला तरी हाच अनुभव येतो. पाठीशी ताकद असली की घाई सुटते. माझ्या लेखातले हेच मुख्य निरीक्षण होते आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

उतारावरचा फायदा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार आपल्या परिचयाचा असेलच. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेल्या जड वाहनांचे ब्रेक तिथे तापतात, धरत नाहीत, आणि पुढे काय होते हे पुणेकरांना बातम्यांतून वारंवार वाचावे लागले आहे. दुचाकीलाही हाच नियम लागू आहे. चारशे सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा ॲक्सिलरेटर सोडला, की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे धरून ठेवते. ब्रेक थंड राहतात आणि खरी गरज पडेल तेव्हा पूर्ण क्षमतेने लागतात. लहान इंजिनही मागे धरते, पण इतक्या लांब उतारावर त्याची पकड अपुरी पडते आणि हात सतत ब्रेकवर राहतो. गाडीच्या वजनाचाही इथे आधार मिळतो. शेजारून कंटेनर गेला की १२५ सीसीची गाडी हवेच्या झोताने हलते, तर पावणेदोनशे किलोंची गाडी आपली रेघ सोडत नाही.

ब्रेकविषयीही थोडे लिहायला हवे. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस चालते, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक अडकून घसरू लागले तर ते सोडवणारी यंत्रणा त्यात नसते. पुण्यात पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन जो थर तयार होतो, त्यावर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर अचानक ब्रेक मारावा लागला तर हा फरक फार मोठा ठरतो. मात्र एबीएस चाक अडकू देत नाही, एवढेच त्याचे काम. साठच्या वेगातून थांबायला जितके अंतर लागते, त्याच्या सुमारे पावणेदोन पट अंतर ऐंशीच्या वेगातून लागते, आणि हा हिशेब कोणतीही यंत्रणा बदलू शकत नाही. आपल्या मुलाला हे वाक्य जरूर वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या बाजूचे. शहराच्या गाभ्यात ही गाडी सोयीची नाही, हे मी मूळ लेखात लिहिले होते आणि इथे अधिक स्पष्टपणे लिहिते. लक्ष्मी रस्ता, मंडई, पेठांतल्या गल्ल्या या भागांत आमच्या घरची स्कूटर सर्व दृष्टींनी बरी. नव्या गाडीला वळायला जास्त जागा लागते. उतारावर नाक खाली करून लावली तर ती मागे ओढताना कमरेचा कस लागतो. वीसच्या वेगात तिसरा गिअर ठेवला की इंजिन झटके देते, म्हणून दुसऱ्यावर यावे लागते. नळ स्टॉपच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की त्याची गरम हवा थेट नडग्यांवर येते. मोठ्या सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळते, त्याची उष्णता कुठेतरी जाणारच, आणि गाडी उभी असताना तिला वाहून नेणारा वारा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत हे सोसणे प्रत्येकाला जमेल असे नाही. ज्यांचा सगळा प्रवास घर ते ऑफिस आणि तोही शहराच्या मधल्या भागातून होतो, त्यांनी १२५ सीसीच घ्यावी, हे आपले मत मला पूर्णपणे मान्य आहे. पण पुण्यातले सगळे जण तसा प्रवास करत नाहीत. माझे माहेर साताऱ्याकडे आहे, कामानिमित्त सासवडला जावे लागते, आणि या दोन्ही रस्त्यांवर घाट आहेत.

नव्याच्या नऊ दिवसांबद्दल आपण जे लिहिले, त्यावर मी बराच विचार केला. पहिल्या काही आठवड्यांत ज्या गोष्टी कळूच शकत नाहीत, त्यांबद्दल कोणी ठामपणे लिहिले तर त्यावर विश्वास ठेवू नये, हे खरे आहे. गाडी किती वर्षे टिकेल, सुटे भाग वेळेवर मिळतील का, चेन आणि टायर किती किलोमीटर जातील, यांवर मी एक शब्दही लिहिलेला नाही. ॲव्हरेजचा आकडाही मी मुद्दाम दिला नव्हता. रनिंग-इनच्या, म्हणजे नवे इंजिन रुळण्याच्या, काळात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळून येत असतात. त्या वेळी इंजिन फार ताणायचे नसते, फार कमी फेऱ्यांवर रखडवायचे नसते आणि एकाच वेगात तासन्‌तास पळवायचे नसते. त्या काळातल्या ॲव्हरेजवरून पुढचा अंदाज बांधणे योग्य नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलतात, तेही या घर्षणातून सुटलेले धातूचे सूक्ष्म कण बाहेर काढण्यासाठीच.

तरीही पहिल्या आठवड्यांचे एक मोल आहे आणि ते पुढे कधीच परत मिळत नाही. नव्या नंबरचा चष्मा लागला की पहिले काही दिवस जमीन वर आल्यासारखी वाटते, आणि नंतर तोच चष्मा डोळ्यांवर आहे हेही लक्षात राहत नाही. गाडीचे तसेच आहे. हँडलची रुंदी, क्लचचा हलकेपणा, सीटची उंची, थांबताना पाय पूर्ण टेकतो की नुसती बोटे टेकतात, साठच्या वेगात आरशात दिसणारे चित्र थरथरते का, स्पीडब्रेकरवर कंबरेला कितपत धक्का बसतो, या सगळ्या गोष्टी शरीराला जुन्या गाडीच्या तुलनेत सुरुवातीलाच कळतात. वर्षभराने मला विचारलेत तर मी सांगेन की क्लच ठीक आहे, कारण तोवर हाताला त्याची सवय झालेली असेल. गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये जे ठरवायचे असते, ते याच गोष्टींवर ठरवायचे असते. म्हणून टिकाऊपणावरचा लेख वर्षादोन वर्षांनी लिहावा आणि शरीराला काय जाणवले यावरचा लेख लगेच लिहावा, असे माझे मत आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात लिहिते. आपल्या करव्यवस्थेत ३५० सीसी ही फार महत्त्वाची सीमारेषा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के. २०२२ मध्ये ठरलेल्या तृतीय-पक्ष विम्याच्या दरांतही १५० ते ३५० सीसीच्या गटासाठी वार्षिक १,३६६ रुपये आहेत, तर ३५० च्या वर २,८०४ रुपये. पेट्रोलचा खर्च १२५ सीसीच्या गाडीच्या दुपटीच्या आसपास धरून चालावे. ज्याला ताकद हवी पण वेगाची ओढ नाही, त्याने ३५० सीसीच्या आतल्या गाड्या आधी पाहाव्यात, असे मी कोणालाही सांगेन. त्या वजनाने बऱ्याच जड असतात, एवढे मात्र ध्यानात घ्यावे.

राहिला आपल्या मुलाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाली आणि गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला, की त्याच परवान्यावर शंभर सीसीचीही गाडी चालवता येते आणि हजार सीसीचीही. युरोपात तसे नाही. तिथे ए-टू नावाचा मधला परवाना असतो आणि तो असलेल्याला ३५ किलोवॉटपेक्षा अधिक शक्तीची गाडी चालवता येत नाही. चारशे सीसीच्या अनेक गाड्या नेमक्या या मर्यादेत बसतात, म्हणजे तिथे त्या शिकण्याच्या मधल्या पायरीवरच्या गाड्या मानल्या जातात. आपल्या कायद्यात ही पायरी नसल्यामुळे ती घरच्यांनीच घालून द्यावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की त्याला आत्ता ही गाडी घेऊन देऊ नये. १२५ किंवा १५० सीसीच्या गाडीवर त्याला किमान एक पूर्ण पावसाळा काढू द्यावा. ओल्या रस्त्यावर पुढचा आणि मागचा ब्रेक किती प्रमाणात दाबायचा, उतारावर गिअर कसा वापरायचा, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचे, हे सगळे तिथे शिकता येते आणि चूक झाली तरी ती सावरण्याइतका वेळ मिळतो. आयएसआय चिन्ह असलेले, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट आणि हातमोजे गाडीच्या आधी घ्यावेत. हेल्मेटवरून आपल्या शहरात आजवर जे वाद झाले, ते मुलाच्या कानावर पडू न देणेच उत्तम.

आणि वर्षभरानंतरही त्याची इच्छा कायम राहिली, तर शोरूममध्ये त्याच्यासोबत आपण स्वतः जावे. चाचणीसाठी मोकळा रस्ता न निवडता चढ, उतार आणि एखादा गर्दीचा चौक असलेला रस्ता निवडावा, आणि हेल्मेट घालून त्याच्या मागे आपणच बसावे. तो समोरच्या वाहनापासून किती अंतर ठेवतो आणि ब्रेक किती आधी लावायला सुरुवात करतो, हे मागे बसणाऱ्याला दोन किलोमीटरांत समजते. गाडी द्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवावे.