सी-व्ह्यू, टाचा उंचावून

आमची गाडी चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते. जुनी आहे, मागचा बंपर एका कोपऱ्यात आत गेलाय, चढावर एसी बंद करावा लागतो. पण पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून समुद्रापर्यंत नेते आणि परत आणते. गाडीने आणखी काय करायचं असतं? तरी गेल्या शनिवारी चौलजवळच्या एका फाट्यावर पांढऱ्या लिनन शर्टातला एक माणूस तिच्याकडे बघून जे बोलला, ते अजून डोक्यातून जात नाहीये. भांडी घासताना मी त्याला उत्तरं देते. एकाहून एक सणसणीत सुचतात. तो नसतो.

पोह्यांवर लिंबू पिळता पिळता नवऱ्याला समुद्र आठवला, इथून हे सुरू झालं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "चौलवरून जाणार असलात तर मी येते," आणि आमचं ठरायच्या आत पर्स घेऊन गाडीत जाऊन बसल्या. चौल त्यांचं माहेर. भाऊ गेल्यापासून जाणं-येणं थांबलेलं.

शनिवारी एक्सप्रेसवेवर जाऊन खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ करण्यापेक्षा मागच्या रस्त्याने जाऊ, असं नवरा म्हणाला. मागच्या रस्त्यांवर त्याची फार श्रद्धा. तिथे म्हणे खरा महाराष्ट्र दिसतो. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, सुतारवाडी. खरा महाराष्ट्र म्हणजे न रंगवलेले स्पीडब्रेकर आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे फलक, असं माझं मत झालं. कोलाडला मुंबई–गोवा महामार्ग ओलांडावा लागतो. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला, तेव्हा आमची मुलगी बालवाडीत होती. ती आता मतदान करते. रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावला आलो, पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली आणि रेवदंडा लागलं.

आणि तिथून फलक बदलले. वाढदिवस संपले, प्लॉट सुरू झाले. प्रत्येक नावात सागर, स्वप्न नाहीतर ग्रीन. वाडीच्या गडग्यावर फलक, नारळावर फलक, एका ठिकाणी तर फलकाला टेकवून दुसरा फलक.

याच किनाऱ्यावर पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. बिचारा होर्मुझहून एक घोडा घेऊन आला होता, विकायला. चौलहून पालीमार्गे जुन्नरला पोचायला त्याला तीन आठवड्यांच्या वर लागले आणि तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. मागच्या रस्त्याने जाणाऱ्यांचं काय होतं, याचा हा पहिला लेखी पुरावा मानावा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पण परत मिळाला ना घोडा?" मिळाला. प्रश्न तो नाही.

आम्हाला फक्त एक खानावळ हवी होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेली, सुरमईची. मोबाइलमधल्या बाईने "डावीकडे वळा" म्हणत आम्हाला एका वाडीत नेलं आणि नव्याकोऱ्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभं करून "आपण पोहोचला आहात" असं जाहीर केलं. मागे येऊन फाट्यावर थांबलो. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला होता. लिनन शर्ट, गळ्यात गॉगल, दोन फोन, मांडीवर लॅमिनेट केलेला नकाशा. नवऱ्याने काच खाली केली. "दादा, इथे एक खानावळ..."

"बसा मागे सरकून," असं म्हणून तो माझ्या शेजारी गाडीत येऊन बसलासुद्धा. "वाटेतच आहे. दोन मिनिटं एक साइट दाखवतो, बघायला पैसे पडत नाहीत."

आईंनी पर्स पोटाशी घेतली.

साइट म्हणजे तोडलेल्या पोफळींचे बुंधे, चुन्याच्या रेघा आणि मध्ये एका बंगल्याचा अर्धवट सांगाडा. "अकरा गुंठे," तो बोलला. "एक गुंठा एक हजार एकोणनव्वद फूट, ते तुम्हाला माहीत असेलच." मला नव्हतं माहीत. नवऱ्याने मात्र मान डोलवली. एवढा आत्मविश्वास तो घरी गॅस बुक करतानाही दाखवत नाही.

"एनए आहे?" नवऱ्याने विचारलं. एनए म्हणजे बिगरशेती. हा शब्द याला कुठून माहीत?

"होतंय. फाइल टेबलवर आहे."

"कुणाच्या?"

"तेच बघायचंय," तो म्हणाला. "पण तोपर्यंत शेतकरी दाखला लागेल. आहे ना घरात कोणी शेतकरी?"

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचं कलम ६३. सासवडकडे आजोबांची जमीन आहे, असं नवरा सांगू लागला. आहे खरी. त्या सात-बाऱ्यावर इतकी नावं आहेत की प्रत्येकाच्या वाट्याला उभं राहण्यापुरती जागा येईल, बसायचं तर शेजाऱ्याला विचारावं लागेल. "पण आमच्यापैकी शेती कोणी करत नाही," मी म्हटलं.

"ताई, करायची कुठेय? नाव पाहिजे. आता इथे मुंबईवाले येतात ते काय नांगर घेऊन येतात?"

मग सी-व्ह्यू. त्यासाठी आम्हाला सांगाड्याच्या स्लॅबवर चढायचं होतं. जिना झालेला नव्हता, शिडी होती. आई खाली राहिल्या. वर गेल्यावर त्याने नवऱ्याला खांद्याला धरून एका जागी उभं केलं. "तो मोबाइलचा टॉवर दिसतो? त्याच्या डावीकडे वाकडा माड. दोघांच्या मधे बघा. नाही, अजून थोडं इकडे. आता टाचा वर करा."

नवऱ्याने टाचा वर केल्या.

"दिसला?"

"हो... म्हणजे, निळं काहीतरी आहे."

मीही बघितलं. ती ताडपत्री होती. पण नवऱ्याचा चेहरा तोवर असा झाला होता की मी गप्प बसले. "अजून एक मजला चढवलात की फुल्ल समुद्र," तो म्हणाला आणि बोटांवर मोजू लागला: मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून, अटल सेतू २०२४ पासून, रेवस–करंजा पुलाचं काम चालू, वर सागरी महामार्ग येतोय. "पूर्वी अलिबागवरून लोकांना हसायचे ना? आता हसून दाखवा." हे मात्र खरं आहे. 'अलिबाग से आया है क्या' या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ साली उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. उगाच वेळ घालवला. आणखी थोडं थांबले असते तर जमिनीच्या भावानेच निकाल दिला असता.

"आणि या पोफळी?" मी बुंध्यांकडे बोट दाखवलं.

"निसर्ग वादळात पडल्या. तीन जून दोन हजार वीस. पूर्ण पट्टा झोपला. काही उभ्या होत्या, त्या आपण काढल्या." मग जरा आवाज उतरवून, "ताई, पोफळ नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षं. प्लॉट पाडला तर सात दिवसांत टोकन. मालकानं काय करायचं, तुम्हीच सांगा." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि भांडी घासतानाही सुचत नाही.

खाली आलो तर आई एका बुंध्याजवळ उभ्या होत्या. "ही वाडी पलीकडच्या आळीतल्यांची होती," त्या म्हणाल्या. "आमची इथून चार घरं सोडून."

हे ऐकून तो माणूस आमूलाग्र बदलला. गॉगल खिशात गेला. "आजी, तुम्ही चौलच्या?" नाव, आळी, वडिलांचं नाव. "अहो, ती वाडी! तीस गुंठे ना?" फाट्यावर परत येईपर्यंत तो फक्त आईंशी बोलत होता. खुर्ची पुसून त्यांना दिली. पोराला हाक मारून शहाळं फोडायला लावलं. एकच. आम्ही दोघं उन्हात.

"भावंडं किती तुम्ही?"

"पाच."

त्याने फोनवर भागाकार केला. तिसाला पाचाने भागायला. "सहा गुंठे, आजी. तुमचे सहा गुंठे आहेत तिथे. २००५ च्या कायद्यानं लेकीला बरोबरीचा हिस्सा आहे. मी आणतो गिऱ्हाईक, तुम्ही फक्त सही करायची."

"सही केली ना मी," आई शहाळ्यातून स्ट्रॉ काढत म्हणाल्या. "लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला. दादा म्हणाला, बँकेचं काम अडलंय, सगळ्या बहिणींनी करा. तालुक्याला नेलं होतं आम्हाला. जीपने."

"हक्कसोड?" त्याचा आवाज चिरकला. "रजिस्टर?"

"अंगठे पण घेतले."

"आणि दिलं काय तुम्हाला?"

"भाऊबीज होती. इरकल दिलं. हिरवं, गोमी काठाचं."

तो मटकन फाट्यावरच्या दगडावर बसला. "सहा गुंठ्याला एक इरकल!" त्याला झालेलं दुःख अस्सल होतं, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. त्या कुटुंबात इतकी वर्षं कुणाला ते झालं नाही. मलाही नाही. इरकल माझ्या कपाटात आहे, आईंनी मला दिलंय, मी हौसेने नेसते. माझ्या आईनेही अशीच सही केली आहे, तिला तर पातळसुद्धा नाही, जेवण मिळालं होतं. गावोगाव दिवाळीच्या आसपास या सह्या होतात आणि नंतर आयुष्यभर माहेरचं माणूस म्हणून बोळवण होते, त्याबद्दल कोणी दगडावर बसत नाही.

"तिथे आता होमस्टे आहे," तो उठत म्हणाला. "स्विमिंग पूल काढलाय."

"आणि विहीर?"

"विहिरीचंच पाणी भरतात ना पुलात."

आई काही बोलल्या नाहीत. शहाळ्यातली मलई खरवडून खाल्ली, सावकाश, पूर्ण.

आणि मग ते वाक्य. त्याने गॉगल पुन्हा गळ्यात अडकवला, आमच्या गाडीच्या बंपरकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाला, "खरं सांगू साहेब? तुमचं नाही जमणार, हे गाडी बघूनच कळलं होतं मला. आजींकडे बघून वाटलं, काहीतरी निघेल." मग खुर्चीत बसून, दुसरा फोन कानाला लावता लावता, "शहाळ्याचे साठ तेवढे पोराकडे द्या."

नवऱ्याने दिले. वर "थँक यू" म्हणाला.

खानावळ सापडली तेव्हा पावणेचार वाजले होते आणि जेवण संपलं होतं. शेवटी नागावात एका कॅफेत बसलो. तिथे चार देशांचे नूडल्स होते, सोलकढी नव्हती. अलिबागच्या किनाऱ्यावर तर पॅरासेलिंगवाले, घोडागाड्या आणि वाळूत घरघरणाऱ्या चारचाकी मोटारसायकली. मुंबईत विजेची ट्राम येणार, तर चुंबकसूई बिघडेल म्हणून १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा उचलून या शांत गावात आणली होती. इमारतीत लोखंडसुद्धा वापरलं नाही म्हणतात. त्या सुईचं आज काय होत असेल, कोण जाणे. माझं डोकं दुखायला लागलं.

सोमवारी सकाळी आईंनी भाच्याला फोन लावला. स्पीकरवर. तब्येत, पाऊस-पाणी, मुलांच्या परीक्षा सगळं झालं. मग म्हणाल्या, "पूल काढलास म्हणे?"

"आत्या! कुणी सांगितलं? अगं, मस्त चाललंय. रहाट पण ठेवलाय, लोक फोटो काढतात. ये ना राहायला सगळ्यांना घेऊन. तुला दहा टक्के डिस्काउंट देतो. फक्त शनिवार-रविवार नको, फुल्ल असतं."

"दहा?" आई म्हणाल्या. "हिशेबाने वीस होतात रे."