लिंबू-मधाने काळे केस सोनेरी होत नाहीत, मान मात्र भाजते

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज ताईनेच टाकला होता. ‘काळे केस फक्त 7 दिवसांत सोनेरी! दोन लिंबांचा रस, गॅसवर गरम केलेला मध, दालचिनीची पूड आणि चमचाभर खायचा सोडा एकत्र करून केसांना लावा. लिंबाची साल मुळांशी चोळा आणि दोन तास उन्हात बसा. 100 टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. पार्लरवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ भाची दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिने आईच्या फोनवर हे वाचलं आणि मे महिन्यात सकाळी दहा ते बारा गच्चीवर जाऊन बसली.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेची आग व्हायला लागली. तिसऱ्या दिवशी कानामागून खाली लाल पट्टे आणि त्यांवर पाण्याने भरलेले फोड. आजी म्हणाली, नागीण उठली, आणि गेरू उगाळून लावला. मी गेले तेव्हा पोरीला मान वळवता येत नव्हती. गेरू हलक्या हाताने धुऊन काढला तर पट्टे थेट ओघळांसारखे दिसले. रस जिथून जिथून खाली उतरला होता, तिथेच कातडी भाजली होती. डाव्या मनगटावर तीन बोटांचे ठसे होते. रसाने माखलेल्या उजव्या हाताने तिने ते मनगट कधीतरी धरलं असणार. कातडीच्या डॉक्टरांनी मान बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “लिंबू लावून उन्हात बसली होतीस का?”

म्हणून ‘साइड इफेक्ट शून्य’ या ओळीपासूनच सुरुवात करते.

लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, आणि रसापेक्षा सालीत ती कितीतरी जास्त असतात. सावलीत ती काही करत नाहीत. पण कातडीवर ती लागलेली असताना उन्हातले यूव्ही-ए किरण पडले, की ती पेशींमधल्या डीएनएला जाऊन चिकटतात आणि पेशी मरतात. हा ॲसिडचा चटका नव्हे आणि ॲलर्जीही नव्हे, त्यामुळे कोणालाही होऊ शकतो. लगेच आग झाली असती तर पोरगी पाच मिनिटांत उठून खाली आली असती. पण हा त्रास साधारण 24 तासांनी सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यात जास्त वाढतो. तोवर लिंबाशी त्याचा संबंध घरात कोणाच्याच डोक्यात येत नाही. फोड बसले तरी काळे डाग मागे राहतात, ते कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जात नाहीत.

हे पटत नसेल तर बावची आठवा. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसायला सांगण्याची पद्धत फार जुनी आहे. तिच्यातलं जे द्रव्य ऊन लागल्यावर काम करतं ते सोरालेन, आणि त्याला हे नाव बावचीच्या ‘सोरालिया’ या शास्त्रीय नावावरूनच मिळालं. लिंबातली द्रव्यं याच सोरालेनची भावंडं. आजही कातडीच्या दवाखान्यात सोरालेन देऊन यूव्ही-ए किरणांनी उपचार करतात, त्याला ‘पुवा’ म्हणतात. तिथे किरणांची मात्रा मोजून देतात, ती हळूहळू वाढवतात, डोळ्यांवर खास चष्मा चढवतात आणि नंतर उन्हात जाऊ नका म्हणून बजावतात. जे तिथे डॉक्टर मोजूनमापून करतात, ते हा मेसेज सोळा वर्षांच्या मुलीला मे महिन्याच्या उन्हात, काही न मोजता, दोन तास करायला सांगतो. आणि वर ‘साल मुळांशी चोळा’. मेसेजमध्ये आणखी एक ओळ आहे, ‘आधी हातावर लावून बघा’. घरात बसून हातावर लावलं तर काहीच होणार नाही, कारण तिथे ऊन नाही. म्हणजे ही खबरदारीसुद्धा फसवी.

आता बाकीचं.

मधाने केस उजळतात म्हणणारे सांगतात, की मधात हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे केसांचा रंग उतरवणारं रसायन, असतं. हे अर्धं खरं आहे. मधात पाणी मिसळलं की त्यातल्या एका एन्झाइममुळे ते थोडंथोडं तयार होतं. पण किती? मधावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनी लिहिलं आहे, की जखमेवर लावायच्या 3 टक्क्यांच्या द्रावणाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकं. पार्लरमध्ये काळ्या केसांचा रंग उतरवायला त्याहून तीव्र, 6 ते 12 टक्क्यांचं, पेरॉक्साइड लागतं, तेही अमोनियासारखं काहीतरी घालून केसांवरचे खवले उघडल्यावर. शिवाय ते एन्झाइम उष्णता सहन करत नाही, आणि मेसेज म्हणतो मध गॅसवर गरम करा. पार्लरमधलं ते ‘केमिकल’ आणि मधातलं ‘नैसर्गिक’, असंही सांगू नका. दोन्हीकडे पदार्थ एकच आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड.

लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलट. एकत्र केले की फसफस होते, गॅस उडून जातो आणि दोघांचाही जोर संपतो. दालचिनीने कित्येकांच्या टाळूची आग होते आणि पुरळ उठतं, केसांचा रंग तिने उतरत नाही.

एक गोष्ट मान्य करते. उन्हाने केसांचा रंग फिका होतो. शेतात, समुद्रावर दिवसभर राबणाऱ्यांच्या केसांची टोकं तांबूस झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लिंबाने त्यात किंचित भर पडतही असेल. भाचीच्या पुढच्या दोन बटा खिडकीशी धरल्या तर तांबूस दिसतात, हे मी नाकारत नाही. पण ते केस हातात घ्या. झाडूच्या काड्यांसारखे लागतात. ऊन नुसता रंग नेत नाही, केसातलं प्रथिनही मोडतं, आणि केस मेलेला असतो, तो भरून येत नाही. माझ्या आईच्या पिढीत पोरीचे केस असे पिंगट दिसले की ‘हिला तेल लावणारं कोणी नाही का’ म्हणून विचारायचे. कुपोषित मुलांचे केस तांबूस होतात म्हणून डॉक्टर आजही केसांकडे बघतात.

आणि सोनेरी? काळ्या केसातला काळा रंग उतरायला लागला, की आधी तांबडा दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा. पार्लरमधल्या ब्लीचलासुद्धा याच वाटेने जावं लागतं. लिंबू पहिल्या पायरीवरच दमतं. हे उपाय मुळात फिकट केसांच्या मुलखातले आहेत. चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या बायका केस उजळायला गच्चीत उन्हात बसायच्या. 1590 साली छापलेल्या पोशाखांच्या एका पुस्तकात तसं चित्र आहे. त्या बाईच्या डोक्यावर मधोमध उघडी, रुंद काठाची टोपी आहे. केस वरून काढून काठावर पसरलेत, तोंड आणि मान सावलीत. मान झाकायची एवढी साधी गोष्ट त्यांना कळत होती, आपल्या मेसेजमध्ये तीही नाही.

कोणी हे आधीच लावून बसलं असेल तर लगेच साबणाने डोकं, मान, कान, हात धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात जाऊ नका. फोड आले तर फोडू नका, गेरू लावू नका, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि लिंबू लावलं होतं हे आपणहून सांगा. केसांचा रंग बदलायची हौस असेल तर ती चूक नाही. जाणत्या माणसाकडून करून घ्या.

भाचीच्या मानेवरचे पट्टे आता तपकिरी झालेत. अकरावीच्या प्रवेशाला ती ओढणी गुंडाळून गेली होती. ताईने मेसेज काढायचा प्रयत्न केला, पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनमधून निघत नाही. तिने तो पुढे आणखी दोन ग्रुपवर टाकला होता. त्या दोन्ही ग्रुपवर आज हे टाकते आहे, पोरीच्या मानेच्या फोटोसकट. फोटो टाक, असं तिनेच सांगितलं.