अ‍ॅक्सेसिबल साइटचा ‘दुप्पट खर्च’ नेमका कुठं जातो?

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: अ‍ॅक्सेसिबल साइट (अपंगांनाही वापरता येईल अशी) म्हणजे दुप्पट खर्च, तोही मूठभर अंधांसाठी. क्रोममध्ये नीट दिसली की बास. फारच कुणी विचारलं तर कोपऱ्यात व्हीलचेअरचं बटण टाकायचं. कायदा काय तो सरकारी साइटींना. लातुरात बसून मीही हाच धंदा करतो, म्हणून उत्तर देतो.

आधी खर्च. एका कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म मीच केला होता, दिसायला झकास. ओळखीतला एक अंध पोरगा तो भरायला ऑफिसात आला. लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू केला (पडद्यावरचं बोलून दाखवणारा हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो) आणि टॅब दाबत गेला. प्रत्येक रिकाम्या रकान्यावर आवाज एकच: ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक.’

‘दादा, यातलं माझं नाव कुठं अन् आईचं कुठं?’

नावं मी रकान्यांच्या वर लिहिली होती, पण कोडमध्ये लेबल टॅगनं त्या रकान्यांना जोडलीच नव्हती. पुढं तर कहरच. ‘सबमिट’ हे मी डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकटीला, रंग देऊन, वर जावास्क्रिप्ट चिकटवून केलेलं. टॅब त्याच्यावर थांबेचना, सरळ तळाच्या लिंकवर गेला. साधा बटन टॅग वापरला असता तर टॅब, एंटर, स्पेस सगळं ब्राउझरनंच सांभाळलं असतं. म्हणजे जास्तीचा कोड लिहायची हौस माझी आणि अडलं ते त्या पोराचं. दुरुस्ती दुपारच्या चहाच्या आत झाली. मोठी साइट पूर्ण झाल्यावर उसवत बसलात तर खर्च होतो, हे कबूल. पण तो अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या खात्यावर कशाला मांडायचा?

‘मूठभर’ म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद आहे. तेही बाजूला ठेवा. एप्रिलात भर दुपारी एसटी स्टँडवर उभं राहून पांढऱ्यावरची #९९९ राखाडी अक्षरं मोबाइलवर वाचून दाखवा. त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, भरतो २.८५:१. डब्ल्यूसीएजी या वेबसाइटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो. रंग जरा गडद, #७६७६७६ केला की काम झालं. डोळे शाबूत असलेल्यांचीही सोय होते, पैसा एक लागत नाही.

क्रोमचं थोडक्यात: आपल्याकडे आयफोनवरचं क्रोमही आतून वेबकिटवर, म्हणजे सफारीच्याच इंजिनावर चालतं. एकच क्रोम म्हणून काही नाही.

कोपऱ्यातलं बटण अक्षरं मोठी करतं, रंग बदलतं. ज्याला लागतो तो स्क्रीन रीडर स्वतःचा घेऊनच येतो, आणि तुमची ‘एडिट, ब्लँक’ तशीच राहते. त्यापेक्षा टेम्प्लेटमधून आलेलं, पानाची भाषा सांगणारं लँग ‘ईएन’ बदलून ‘एमआर’ करा, नाहीतर तुमचं मराठी स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात वाचायला बघतो.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल बोलताना ‘सरकारी वा खासगी’ असं दोन्ही म्हणतं. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटता येईनात, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला: डिजिटल सुविधा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग.

माझ्या फॉर्मात कॅप्चा अजून चित्रातलाच आहे. पोरानं त्या दिवशी तो मलाच वाचायला लावला. या आठवड्यात काढतोय.