नक्की तलावाला एका ओळीत उरकू नका

माउंट अबूवरचा लेख छान आहे, पण दिलवाड्याच्या मंदिरांना भरपूर जागा देऊन नक्की तलाव ‘बोटिंगची सोय आहे’ एवढ्यावर संपवलात, हे पटलं नाही. जवळपास १२०० मीटर उंचीवरचं हे पाणी खरं पाहायचं ते नावेतूनच, कारण काठावरचे खडक मधोमध गेल्यावर नीट दिसतात. टोड रॉक तर पाण्यात उडी घ्यायच्या बेतात बसलेला बेडूकच! नाव थोडी वळली की त्याचा आकार बदलू लागतो.

आपल्याला सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या थरांची, सरळ कड्यांची सवय असते. इथला दगड ग्रॅनाइट. त्याच्या भेगांत पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जाऊन गोलाकार शिळा उरतात. मुलांना हे तिथेच दाखवता येतं.

पायडलपेक्षा वल्ह्याची नाव घ्या, म्हणजे पाय मारण्यात लक्ष जात नाही. शक्यतो सकाळी जा, संध्याकाळी फार गर्दी होते. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्याच. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन याच तलावात झालं होतं, तेही लेखात यायला हवं होतं.