बापाच्या जागेवर

आत्तेभावाचा मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. परवा जिल्ह्याची अनुकंपा भरतीची यादी लागली, तसं त्याने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘आम्ही पाच-पाच वर्षं अभ्यासिकेत घासायची आणि हे बापाच्या जागेवर थेट आत. हेही आरक्षणच.’ लगेच चार अंगठे पडले. त्यातले दोन पुण्याच्या आयटीवाल्यांचे. त्यांनी जन्मात सरकारी परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही.

मी तेव्हा इथे कॅलिफोर्नियात, ६८० हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. ऑफिसात पोचेपर्यंत राग चांगला मुरला, मग लिहायला बसलो.

लिहिलं की इथे पोलीस कर्तव्यावर मारला गेला तर १९७६ च्या कायद्याने केंद्र सरकार घरच्यांना एकरकमी पैसे देतं, आज ते चार लाख डॉलरच्या वर आहेत. पोरांना शिकायला वेगळे, महिन्याला साधारण दीड हजार डॉलर, ४५ महिन्यांपर्यंत, वयाच्या सत्ताविसाव्या वाढदिवसापर्यंत. कॅलिफोर्नियात यूसी आणि सीएसयू या सरकारी विद्यापीठांची ट्यूशन माफ. धावपळीच्या ड्युटीनंतर २४ तासांत हार्ट अटॅक आला तरी २००३ पासून तो कर्तव्यावरचाच मृत्यू धरतात. याला कोणी कोटा म्हणत नाही.

आणि आपल्याकडे? पंतप्रधान शिष्यवृत्ती राज्य पोलिसांच्या मुलांना २०१९ मध्ये खुली झाली. अख्ख्या देशात वर्षाला ५००, मुलाला महिना २५०० रुपये, मुलीला ३०००. तीही बाप नक्षली किंवा दहशतवादी हल्ल्यात गेला असेल तर. नाकाबंदीत ट्रकने चिरडला तर त्यात बसत नाही. उरली अनुकंपा. ती गट क नि ड पुरती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगून ठेवलंय की हा हक्क नाही, कमावता माणूस अचानक गेल्यावर घर सावरायला दिलेला हात आहे. कोणी कलेक्टर होत नाही रे बाबा त्यातून!

इथलेही दावे वर्षानुवर्षं रखडतात, हे मी लिहिलं नाही. ट्यूशन माफ झाली तरी बे एरियातलं भाडं माफ होत नाही, हेही नाही.

‘काका, तुम्हाला तिकडून बोलायला काय जातं?’ पोराचं उत्तर आलं. खरं तर एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मग दादाचा मेसेज आला. दादा ग्रुपवर एरवी फक्त वाढदिवसाला उगवतो.

‘त्या डॉलरात क्वार्टर मिळतो का?’

१९८७ च्या गणपतीत, बंदोबस्ताच्या तिसऱ्या रात्री, मंडपामागच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या बसल्या अण्णा, आमचे वडील, गेले. कोणी शहीद म्हटलं नाही. तेरावं झालं आणि महिन्याभरात क्वार्टर खाली करायचा कागद आला. दादा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. पुढची दोन वर्षं तो एका कार्यालयातल्या एका टेबलापुढे उभा राहिला, कधी वारस दाखला जुना झाला म्हणून, कधी साहेब दौऱ्यावर म्हणून. आम्ही मामाच्या पडवीत. ऑर्डर आली तेव्हा त्याने पहिल्यांदा पुस्तकं विकली, मग बूट घेतले. पुढे त्याच लाइनीत, दोन रांगा मागे, क्वार्टर मिळाला. त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला गेलो. फी कुठून आली हे मी कधी विचारलं नाही, कारण माहीत होतं.

इथला कायदा तिथे असता तर दादा शिकला असता, असं मी गेली वीस वर्षं पार्ट्यांमध्ये सांगतो. लोक माना हलवतात. त्या हिशेबात मी कुठे असतो, ते मांडून बघितलेलं नाही.

अनुकंपावाला आपल्या घरातच आहे हे त्या पोराला ठाऊक नसावं, किंवा तो विसरला असेल. दादानेही सांगितलं नाही. तो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, आणि त्याच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पोराशी मात्र भांडण चालूच आहे.