वीज पडलेल्या माणसाला हात लावा

वळवाचा पहिला ढग आला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. परवा परत आला: 'वीज पडलेल्या माणसाला अर्धा तास हात लावू नका, अंगात करंट असतो. गळ्यापर्यंत शेणात पुरा, वीज उतरते. खिशातला मोबाइल वीज ओढतो. पायाळू माणसाने ढगात बाहेर पडू नये. पुढे पाठवा, एक जीव वाचेल.' खाली चौदा जणांनी हात जोडलेले. जीव वाचायचा सोडून जाईल, म्हणून लिहितोय.

आधी करंटचं. माणूस म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी नव्हे. वीज हजारो अँपिअरची असते, पण डोळं मिटायच्या आत अंगावरून-अंगातून जाऊन जमिनीत जिरते. मागे काही उरत नाही. घोळ होतो तो विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमुळे. स्टार्टरला चिकटलेल्याला हात लावला तर आपणही चिकटतो, कारण तिथली तार चालू असते. ढगाची तार केव्हाच तुटलेली असते.

आणि तो अर्धा तासच माणसाला मारतो. विजेच्या झटक्याने हृदय थांबतं, श्वासही थांबतो. हृदयाला स्वतःचा सेल्फ असतो, ते बऱ्याचदा आपणहून परत चालू होतं. श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र मात्र अजून बधिर असतं. श्वास नाही म्हणून ऑक्सिजन नाही, आणि चालू झालेलं हृदय काही मिनिटांत दुसऱ्यांदा बंद पडतं. त्या मधल्या मिनिटांत कोणीतरी छाती दाबायला आणि तोंडाने श्वास द्यायला हवा. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा.

यातली एक गोष्ट वाचून मी स्वतः चकित झालो होतो. मोठ्या अपघातात नाडी-श्वास नसलेल्याला मागे ठेवून जिवंत जखमींना आधी बघतात. विजेत उलट करायचं. कण्हणारा बहुतेक जगतो, निपचित पडलेल्याकडे आधी धावायचं. आपण नेमकं त्यालाच शिवत नाही.

शेणाबद्दल काय सांगू? छातीवर ओझं, वेळ वाया, भाजलेल्या कातडीला धनुर्वाताची भीती. कधीकधी अंगावर नेचाच्या पानासारखी लाल नक्षी उमटते आणि एक-दोन दिवसांत आपोआप जाते. शेणाने 'वीज उतरली' हे श्रेय बहुधा तिथूनच आलं असावं.

मोबाइल वीज ओढत नाही. वीज उंची बघते.

पायाळूचं मात्र मनावर घेतो, कारण मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. गावात कोणाला उसण भरली की लाथ मारायला मला बोलवायचे, आणि ढग आला की आई घरात कोंडायची. अमेरिकेतल्या रॉय सुलिव्हन या वनरक्षकाला १९४२ ते १९७७ मध्ये सात वेळा वीज लागली, सातही वेळा तो वाचला. त्याची नोकरी डोंगरावरच्या जंगलात होती. कारण शोधायचं तर तिथे शोधा, बाळंतपणात नाही.

मेसेजात जे हवं होतं तेच नाही: झाडाखाली थांबू नका. कडुलिंबावर पडलेली वीज बुंध्यापासून जमिनीत पसरते, एका पायातून चढते नि दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब, म्हणून त्याला जास्त बसते. २०१६ मध्ये नॉर्वेच्या पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर हरणं मेली, बहुधा अशीच जमिनीतून आलेल्या विजेने; ती एकमेकांना खेटून उभी होती.

तात्यांनी खाली विचारलंय, मग परतीच्या पावसात सोयाबीनच्या बनमीवर (कापून रचलेल्या ढिगावर) ताडपत्री कोण टाकणार? सोयाबीन भिजलं की काळं पडतं, भाव पडतो, मलाही कळतं. तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, तात्या. मग मी येतो दुसरं टोक धरायला.